बसून केलेली कॉफी

माझ्या धाकट्या भावाचं खरं नाव विचारलंत तर गल्लीत कोणी सांगू शकणार नाही. सगळे त्याला 'लगेच' म्हणतात. नळ दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. फोन कोणाचाही येवो, काम कसलंही असो, याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "लगेच!" समोरच्याने पत्ता सांगायच्या आत हा पिशवी उचलून जिना उतरलेला असतो. मग खाली उभा राहून परत फोन लावतो, "हां, कुठे यायचं म्हणालात?"

जन्मला तोच दिवस भरायच्या आधी. आई म्हणायची, "या मेल्याला पोटातसुद्धा दम निघाला नाही." न्हाव्याकडे बसवला तर एक बाजू कापून झाली की उठायचा, उरलेली उद्या म्हणायचा. शाळेत उत्तर आधी लिहायचा आणि प्रश्न नंतर वाचायचा, त्यामुळे शाळेचा आणि त्याचा संबंध लवकर संपला. माझा त्याच्याही आधी संपला होता, पण तो घाईमुळे नव्हे. घरात भांडी घासायला कोणीतरी लागायचं.

मोठा झाला, धंद्याला लागला, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. जेवतो उभ्याने, ओट्याला टेकून. घरात खुर्ची एकच, तिच्यावर हत्यारांची पिशवी बसते. बुटाची नाडी रस्त्यात बांधतो. आमचे हे होते तेव्हा एकदा माझ्याकडून जाताना घाईत एका पायात स्वतःचा आणि दुसऱ्या पायात यांचा बूट घालून गेला, आणि तसाच दिवसभर काम करून आला. यांना त्या दिवशी कचेरीत रजा टाकावी लागली. कारण काय लिहायचं, यावर सकाळभर आमच्यात वाद.

हाताला मात्र नाव ठेवायला जागा नाही. कुठेही पाण्याचा थेंब गळताना दिसला की त्याच्या अंगावर काटा येतो. कोणी जेवायला बोलावलं तर आधी मोरीत जाऊन नळ आवळून येतो, मग 'कसे आहात' विचारतो. त्याने आवळलेला नळ पुन्हा गळत नाही. कधीकधी उघडतही नाही, पण ते वेगळं.

माझी भावजय त्याच्या अगदी उलट. शांत, हळू बोलणारी. ती जाऊन बरीच वर्षं झाली. ती होती तोवर त्याला घरी यायची घाई असायची, ती गेल्यावर घरातून निघायची. मुलगा लांबच्या गावी नोकरीला आहे. त्याचा फोन आला तरी हा "बरंय? बरंय. ठेवतो," म्हणतो. मी कितीदा म्हटलं, "अरे, पोराशी दोन शब्द बोल." तर म्हणतो, "दोन झाले की, ताई."

असा हा माणूस. आणि याची गाठ पडली ती शिंपीणबाईंशी.

शिंपीणबाईंचं दुकान आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. पुढे शिलाईची दोन यंत्रं, मागे एक खोली आणि छोटंसं स्वयंपाकघर. एकट्याच राहतात, पन्नाशी ओलांडलेली. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "माप जुळलं नाही." त्यांच्याकडे दिलेला कपडा लवकर मिळत नाही, पण मिळतो तेव्हा माणूस त्यात दोन बोटं उंच दिसतो. बोलणंही तसंच. वाक्य सुरू करतात, मध्येच दोरा दाताने तोडतात, सुई ओवतात, आणि मग उरलेलं वाक्य सांगतात. तरुणपणी काही वर्षं त्या व्हिएतनामला कपड्यांच्या कारखान्यात होत्या, तिकडच्या बायकांना कॉलर बसवायला शिकवायला. काय शिकवलं ते त्यांनाच ठाऊक. शिकून आल्या ती कॉफी.

ती कॉफी मी पहिल्यांदा पाहिली त्याच दिवशी तिचा खून झाला. झालं असं की मी माझ्या कोटाची बाही आखूड करून घ्यायला गेले होते आणि माझा भाऊ आत स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होता. बाईंनी आत कॉफी करत ठेवली आणि पुढे येऊन माझ्या बाहीला टाचण्या लावायला लागल्या. टाचण्या सगळ्या त्यांच्या ओठांत धरलेल्या. तेवढ्यात आतून घर्रर्र असा आवाज आला. त्यांनी डोळे मोठे केले. बोलणार कशा? तोंडात टाचण्या. हातात माझी बाही. मीही अर्धी त्या बाहीत अडकलेली. तशाच आम्ही दोघी एकमेकींना धरून आत गेलो.

टेबलावर काचेचा ग्लास होता, ग्लासावर डब्याच्या झाकणाएवढं पत्र्याचं छोटं भांडं, तळाला बारीक भोकं असलेलं. आणि माझा भाऊ हातात ड्रिल घेऊन विजयी मुद्रेने उभा.

"तुंबलं होतं," तो म्हणाला. "थेंब थेंब येत होतं बिचारं. मोकळं करून दिलं. त्याचे काही नकोत."

ग्लासात सगळा चोथा आणि काळं पाणी धबाधबा उतरलेलं. शिंपीणबाईंनी ओठांतली एकेक टाचणी काढली. एकेक करून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचली. शेवटची टोचून झाल्यावर म्हणाल्या, "ते तसंच..." मग ग्लासाकडे बघितलं, "...असतं."

"तुंबलेलं?"

"हळू."

माझ्या भावाने ड्रिल पिशवीत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठून तरी हळू बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे. "ताई, ते भांडं कुठे मिळतं?" माझी नात कॉलेजात जाते, तिच्या फोनमध्ये सगळ्या जगाचा बाजार असतो. तिने शोधून काढलं. हा बाजूला उभा राहून "झालं? झालं?" करत होता, आणि तिने फोन जरा हातात दिला तर याने घाईघाईत बटण दोनदा दाबलं. म्हणून भांडी दोन आली. एक त्याने शिंपीणबाईंना नेऊन दिलं. दुसरं माझ्या फडताळात पडलं.

बाईंनी नव्या भांड्यात त्याच्यासाठी कॉफी केली म्हणे. ती गळून होईपर्यंत याने त्यांच्या घरातले सगळे नळ तपासले. मग ग्लास उचलून उभ्या उभ्या गटागटा प्यायला, जीभ भाजली, "छान" म्हणाला आणि निघून आला. जीभ पुढे दोन दिवस सुजलेली. मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं.

तिसऱ्या दिवशी मला म्हणतो, "ताई, जरा शिंपीणबाईंचा नळ बघून येतो."

"तो दुरुस्त केलास ना?"

"केला. नीट चाललाय का ते बघायला."

नीट चाललेला नळ बघायला जाणारा नळवाला मी तरी जन्मात पाहिला नव्हता. पुढे तो त्यांचा वॉशर बदलून आला. मग दुसरा वॉशर. मग मोरीची जाळी. मग छतावरची टाकी. त्या बाईंच्या घरात पाण्याशी संबंध असलेली एक वस्तू जुनी राहिली नाही. गल्लीतल्या बायका आपले गळके नळ घेऊन वाट बघत बसलेल्या, आणि हा कोरड्या नळांची सेवा करतोय.

मग एके दिवशी आला तो तोंड पाडून. ओट्याला टेकून उभा राहिला. मी पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय, कारण याच्या हातातला पेला कधी भरलेला दिसत नाही.

"ताई, मी शिंपीणबाईंना विचारलं."

"काय विचारलंस?"

"हेच. आपण लग्न करू या का म्हणून."

मी भाजीची सुरी खाली ठेवली. "कुठे विचारलंस? काय म्हणालास नेमकं?"

"दारात. पिशवी खांद्याला होती. म्हटलं, 'आपण लग्न करू या का? तुम्ही विचार करून ठेवा, मी तोवर पलीकडच्या इमारतीत जाऊन येतो, तिथे टाकी वाहतेय.'"

"अरे माझ्या कर्मा!"

"टाकी खरंच वाहत होती, ताई."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"मी जाऊन परत आलो तेव्हा म्हणाल्या..." त्याने पाणी प्यायलं. "म्हणाल्या, 'मला विचारायलासुद्धा तुम्ही बसला नाहीत. आधी माझ्यासाठी एक कॉफी करा. माझ्यासारखी. बसून. ती प्यायले की मग उत्तर देईन.'"

मी म्हटलं, "बाई शहाणी आहे."

"शहाणी आहे म्हणूनच ना," तो म्हणाला, आणि असं म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की मला हसू आवरून घ्यावं लागलं. हा माझा भाऊ साठीला आलेला, डोक्याला टक्कल, गुडघ्यांना ठिगळं, आणि डोळ्यांत पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या पोरासारखी भीती. नाही म्हणाली तर हा पुन्हा त्या एका खुर्चीच्या घरात जाणार आणि उभ्याने जेवणार, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं.

कॉफी माझ्या घरी करायची ठरली. त्याच्याकडे बसायला जागा नाही आणि बाईंच्या घरी एका भांड्याचा बळी आधीच गेलेला. येत्या सुट्टीला बाईंना बोलावलं आणि त्याआधी रोज संध्याकाळी त्याची शिकवणी सुरू झाली. मी फडताळातलं भांडं काढलं. नात फोनमध्ये बघून सांगणार, तो करणार, मी देखरेख करणार.

"मामाआजोबा," नात म्हणाली, "आधी ग्लासात तळाला गोड दूध. डब्यातलं, घट्ट."

"घातलं."

"सगळा डबा नाही हो घालायचा!"

"सांगायचं ना मग."

"मी सांगतच होते. बरं, आता भांड्यात कॉफी. हलवून सपाट करा. तिच्यावर ही भोकांची चकती. मध्ये आटे आहेत, त्यावर फिरवून बसवायची."

आटे म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. आटे म्हणजे त्याचा प्रांत. त्याने चकती अशी आवळली की पाणी ओतल्यावर एक थेंब खाली येईना. उघडायला गेलो तर नातीला उघडेना, मला उघडेना. शेवटी त्याने पिशवीतून पान्हा काढला.

दुसऱ्या दिवशी चकती सैल ठेवली, तर कॉफी अशी धावली की ग्लासात नुसतं तपकिरी पाणी. नात म्हणाली, "आधी थोडंसंच गरम पाणी घालायचं आणि कॉफी फुगेपर्यंत थांबायचं."

"फुगली," तो म्हणाला.

"मामाआजोबा, अजून पाणी घातलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी सगळं जमलं, थेंब पडायला लागले, आणि याच्याने बघवेना. जरा मी पाठ फिरवली तर याने भांड्याला तोंड लावून वरून फुंकर मारली, तुंबलेल्या नळीत मारतात तशी. सगळी कॉफी उलटी उडून याच्या तोंडावर. भुवया, नाक, कान, सगळं काळं. आणि तशा तोंडाने मला म्हणतो, "ताई, माझ्या पिशवीत मोरी उपसायचं रबर आहे, त्याने एकदा..."

"ते रबर माझ्या ओट्याजवळ आणलंस तर तुझ्याच टाळक्यावर लावीन."

खरी अडचण कॉफीची नव्हतीच. ती खुर्चीची होती. कॉफी गळेपर्यंत याला बसवायचं कसं? मी त्याच्यापुढे सोलायला मटार ठेवले, तर थेंब पडायला सुरुवात व्हायच्या आत मटार संपले, आणि शेंगा फरशीवर. गुंतलेली लोकर सोडवायला दिली, तर त्याने गुंता कात्रीने कापला आणि दोन गुंडे करून दिले. नात म्हणाली, "आजी, यांना बांधून ठेवू या." मी ओढणी शोधलीही, पण तो म्हणाला, "त्या दिवशी बाईंसमोर बांधशील का?" ते मात्र खरं होतं.

इकडे प्रत्येक फसलेली कॉफी कोण पीत होतं? मी. टाकून द्यायची म्हटलं की जीव कळवळतो. असली कडक कॉफी माझ्या जिभेला माहीत नव्हती. काळी, घट्ट, वरून गोड आणि आतून कडू, माझ्या सासूबाईंसारखी. त्या आठवड्यात मी घरातली सगळी कपाटं आवरली. मग शेजारणीची आवरायला गेले. तिने दार लावून घेतलं.

शेवटी एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "अरे, भिंतीतली गळती शोधतोस तेव्हा कसा बसतोस रे? भिंतीला कान लावून अर्धी दुपार बसलेला मी तुला पाहिलंय. तेव्हा नाही मुंग्या येत तुला?"

"ते काम आहे, ताई. ऐकावं लागतं. पाणी कुठून बोलतंय ते."

"मग हे काय करतंय? हे नाही बोलत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला, वाकला आणि कान ग्लासाजवळ नेला. मी श्वास रोखून धरला. नातीने फोन खाली ठेवला.

"पहिले थेंब दुधावर पडतात," तो हळूच म्हणाला, "आवाजच होत नाही. आता... आता कॉफी साचली. टप. ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं. मला काही ऐकू आलं नव्हतं. असल्या बारीक आवाजाला माझे कान कधीचे गेलेत. पण कॉफी सगळी गळेपर्यंत माझा भाऊ खुर्चीत बसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसाची कॉफी त्याने मला दिली नाही, स्वतः प्यायला.

सुट्टीचा दिवस उजाडला. नातीला मी मैत्रिणीकडे पिटाळलं. ती फोनमध्ये सगळं टिपून गल्लीभर दाखवील अशी मला भीती. भाऊ वेळेच्या बराच आधी आला. इस्त्रीचा शर्ट, उरलेसुरले केस दोन्ही बाजूंनी सारखे कापलेले. शिंपीणबाई सावकाश आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती, काढायची राहिली असावी. आल्या, बसल्या, हात मांडीवर ठेवले.

"करा," म्हणाल्या.

त्याने ग्लासात दूध घातलं, बेतानं. कॉफी घातली, हलवून सपाट केली. चकती बसवली, आट्यांवर फिरवली. इथे मी बघत होते. पण हात आपल्या सवयीचंच करतो. शेवटी एक बारीकसा पिळा बसला. तो त्याने नाही दिला, त्याच्या हाताने दिला. थोडं गरम पाणी घातलं. थांबला. खरंच फुगेपर्यंत थांबला. मग वरपर्यंत पाणी, झाकण, आणि खुर्चीत बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

आम्ही तिघं ग्लासाकडे बघत बसलो. दूध पांढरं ते पांढरंच.

थेंब येईना.

त्याने कान जरासा कलता केला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्याला कळलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. शिंपीणबाई भांड्याकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं असणारच. ते भांडं त्यांनी आमच्यापेक्षा किती वर्षं आधी पाहिलेलं. झाकण काढून चकती जराशी सैल केली की झालं. नळवाल्याला ते काय कठीण? माझ्या मनात मी दहा वेळा सैल केली. पण हा हात मांड्यांखालून काढेना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

त्याचा एक हात सुटला आणि खिशात गेला. बूड खुर्चीवरून चार बोटं वर उठलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो पुन्हा खाली बसत होता, फोन कानाला.

"हां, बोला. ... वाहतंय? कुठून? ... बरं, जिन्याखाली मोठा कॉक आहे, तो बंद करा. झाला? मग आता स्वस्थ बसा. ... मी? मीपण बसलोय." आणि फोन बंद करून टेबलावर उपडा ठेवला.

शिंपीणबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागला. आमच्या घराण्याची घाई सगळी एकट्या भावाकडे गेली आहे असं मला वाटायचं; तशी ती गेलेली नाही.

"एक सांगू?" भाऊ ग्लासाकडेच बघत म्हणाला. "माझी बायको बोलायला लागायची तेव्हा मी दारात असायचो. 'अहो, मला वाटतं की...' म्हणायची. मी म्हणायचो, आल्यावर बोलू. आल्यावर दुसरा फोन यायचा. इतक्या वर्षांत 'मला वाटतं की' एवढंच ऐकलं मी. तिला काय वाटायचं ते राहूनच गेलं."

मी टेबलावरचा नसलेला कण पुसला. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी बहीण असून.

शिंपीणबाईंनी टेप गळ्यातून काढली आणि सावकाश गुंडाळायला लागल्या. "पडला," भाऊ म्हणाला.

पडला होता. दुधावर एक काळा ठिपका. मग किती वेळाने दुसरा. मुंगीने ओझं वाहावं तशी कॉफी येत होती. आणि तिच्याबरोबर शिंपीणबाई बोलायला लागल्या. त्या तिकडे कारखान्यात नवीन होत्या तेव्हा मधल्या सुट्टीत बायका अशी भांडी मांडून बसायच्या, आणि बाईंनी पहिल्या दिवशी धीर न धरता भांडं उचलून बघितलं तर सगळी काळी धार एका सुंदर पांढऱ्या कॉलरवर. ती कॉलर साहेबाच्या शर्टाची होती. एवढीच गोष्ट, पण थेंबाथेंबाने सांगितली. साहेब दारातून आत येईपर्यंत ग्लास पाव भरला. साहेबाने शर्ट हातात घेईपर्यंत अर्धा. साहेब पुढे काय म्हणाला ते ऐकायला मी खुर्चीच्या टोकावर आले होते, आणि माझा भाऊ हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होता, मध्ये एक शब्द न बोलता. साहेब म्हणाला होता, "निदान दुसऱ्या बाजूलाही सांडा, म्हणजे नक्षी दिसेल."

तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. मी त्याचं असं हसणं कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

कॉफी गळून झाली तोवर ती थंडगार. भाऊ ग्लासाला हात लावून म्हणाला, "निवली."

"बर्फ आहे का?" बाईंनी मला विचारलं. "तिकडे ही अशीच पितात, बर्फावर."

मी बर्फ आणून ग्लासात घातला. त्यांनी चमच्याने तळापासून ढवळलं, पांढरं आणि काळं एक झालं. एक घोट घेतला. डोळे मिटले. मी माझ्या भावाकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "फार कडू. चकती आवळलीत?"

"आवळली गेली."

"कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग सैल का नाही केलीत?"

"सैल करायला लागलो असतो," तो म्हणाला, "तर मग पुन्हा नळवालाच झालो असतो. तुम्ही बसलेल्या, आणि मी हत्यार शोधतोय. म्हटलं, आज असू दे."

त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ग्लासातला बर्फ गोल फिरवला.

"मला वाटतं..." त्या म्हणाल्या, आणि चौथा घोट घ्यायला थांबल्या.

भाऊ बसलेलाच. हात टेबलावर, शांत. मी मात्र माणूस आहे. "अहो, काय वाटतं? बोला ना!" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"ताई," माझा भाऊ मला म्हणाला, "थांब ना जरा. त्या बोलतायत."

माझ्या आयुष्यात हे वाक्य मला त्याच्याकडून ऐकावं लागेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शिंपीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. "मला वाटतं, दुकानामागची खोली दोघांना लहान पडेल. स्वयंपाकघराची भिंत पाडली तर?"

त्याने बोटाने टेबलावर एक रेघ ओढली. डोळ्यांपुढे ती भिंत आणली असावी त्याने. मग म्हणाला, "त्या भिंतीत पाण्याची नळी आहे."

"मग?"

"वळवता येईल. फिरवून न्यावी लागेल, छताकडून. वेळ लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि अर्धा उरलेला ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

त्याने उचलला, आणि एक छोटासा घोट घेतला. बसून.

मी उठले. म्हटलं, आणखी बर्फ आणते. बर्फ केव्हाच संपला होता, पण ते त्यांना कुठे माहीत.